दुसरा ब्रेक

आमच्या मोटारीला दोन ब्रेक आहेत. एक कारखानदाराने बसविलेला. तो माझ्या उजव्या पायाखाली असतो आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही. दुसरा मात्र कोणाही मिस्त्रीला दाखविता यावयाचा नाही. तो डाव्या बाजूच्या आसनापुढे, आमच्या सौभाग्यवतीच्या पायाखाली असून तिच्यावाचून कोणाला दिसत नाही. समोरून ट्रक आला, एखादा सायकलस्वार आडवा गेला किंवा वळण घेताना माझा वेग जरासा अधिक राहिला, की तिचा उजवा पाय खालच्या चटईवर घट्ट रोवला जातो, डावा हात दारावरच्या मुठीकडे जातो आणि मुद्रेवर, रामरक्षा म्हणणाऱ्या माणसाच्या मुद्रेवर असतो तसा, एक प्रकारचा एकाग्र भाव उमटतो. तोंडातून शब्द मात्र निघत नाही. आमची गाडी धुणाऱ्या मुलाने एकदा मला आश्चर्याने विचारले होते, "साहेब, गाडी तुम्ही चालवता; मग चटई त्या बाजूची का झिजलीय?"

ही हकीकत मी आजवर किती बैठकींत रंगवून सांगितली असेल याची गणती नाही. मंडळी हसत, सौभाग्यवतीही हसे, आणि आपण एका भित्र्या जिवाला तीस वर्षे सांभाळून हिंडवीत आहो या कल्पनेने मीही थोडा फुगत असे. त्या हशात माझे काय चुकत होते, ते कळावयास मात्र वयाची अठ्ठावन्न वर्षे उलटावी लागली.

मनुष्याचा स्वभाव पाहा. आपल्याला गाता येत नाही, हे तो हसत हसत कबूल करतो. हिशेबात आपण कच्चे आहो, भाजी निवडण्यात आपली फसगत होते, फार काय, आपले हस्ताक्षर आपल्यालाच लागत नाही, या गोष्टीही तो चारचौघांत सांगतो. पण "मला मोटार नीट चालविता येत नाही" असे म्हणणारा परवानाधारक गृहस्थ मला अद्याप भेटावयाचा आहे. माझा परवाना १९९४ सालचा. तो मिळविण्यासाठी मला दोनशे पावले पुढे आणि वीस पावले मागे गाडी न्यावी लागली होती. तेवढ्या प्रवासात मी कोणाला धक्का दिला नाही, म्हणून सरकारने मला हिंदुस्थानातील साऱ्या रस्त्यांवर मोकळे सोडले. त्यानंतरच्या तीस वर्षांत मी काय शिकलो आणि काय विसरलो, याची चौकशी कोणी केली नाही. मीही केली नाही.

एरवी मोटारीची काळजी आम्ही थोडी का करतो? कोणी किल्लीने ओरखडा तर काढला नाही ना, टायरांत हवा आहे ना, विम्याची मुदत केव्हा संपते, धुराचे प्रमाणपत्र कोठे ठेवले, फास्टॅगमध्ये पैसे उरले आहेत का, गाडी झाडाखाली ठेवावी तर कावळे आणि उन्हात ठेवावी तर रंग, अशा विवंचनांनी मोटारवाल्याचे अर्धे आयुष्य पोखरलेले असते. पुण्याच्या पेठांत गाडी उभी करावयास जागा मिळणे हे तर पूर्वसुकृताचेच फळ. दर दहा हजार किलोमीटरला मी गाडी कारखान्यात नेऊन तिचे तेल बदलून घेई. पण तीच गाडी हाकणाऱ्या डोक्यातले तेल किती जुने झाले आहे, ते पाहावे असे मला कधी सुचले नाही. आमच्या साऱ्या काळज्या गाडीविषयीच्या असतात. चालक हा जणू काही न बिघडणारा एकच भाग!

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याचे विलायतेहून पत्र आले. नोकरीनिमित्त तो तिकडे बरीच वर्षे आहे. पत्रात त्याने लिहिले होते, "काका, पुढल्या महिन्यात माझी मोटारीची परीक्षा आहे." माझ्या पोटात धस्स झाले. बहुधा कोठे तरी गुन्हा करून पोराने परवाना घालविला असावा! फोन करून विचारले तेव्हा खुलासा झाला. परवाना शाबूत होता. ही परीक्षा त्याने हौसेने, पदरचे पैसे भरून घेतली होती. इंग्लंडात पोलिसांच्या मोटारींचेच अपघात फार होऊ लागले, तेव्हा १९३० नंतरच्या दशकात लंडनजवळ हेंडन येथे पोलिसांना वाहन चालविण्याचे पद्धतशीर शिक्षण देणारी शाळा निघाली. तिथल्या शिकवणुकीचे सार 'रोडक्राफ्ट' या नावाने १९५५ साली पुस्तकरूपाने सर्वांसाठी प्रसिद्ध झाले; आणि लगेच १९५६ मध्ये सामान्य मोटारवाल्यांनीही ती विद्या घ्यावी, म्हणून 'इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड मोटरिस्ट्स' ही संस्था स्थापन झाली. तिची परीक्षा उतरल्याने कायद्याने कोणताही जादा हक्क मिळत नाही. आपले चालविणे अधिक चांगले व्हावे, एवढाच तिचा हेतू.

हे ऐकून मी मोठ्याने हसलो. परवाना खिशात असताना पुन्हा परीक्षा देणे म्हणजे लग्न झाल्यावर वधूपरीक्षेला बसण्यासारखे झाले! "तिकडच्या लोकांना वेळ फार," असा अभिप्राय देऊन मी फोन ठेवला. पुतण्याने नंतर ते पुस्तकही पाठवून दिले. ते मी कपाटात, ज्या खणात भेट आलेली पुस्तके न वाचता ठेवावयाची असतात त्या खणात, ठेवून दिले.

त्यानंतर कार्तिकात ती गोष्ट घडली.

सौभाग्यवतीचे माहेर वाईचे. त्यामुळे सुरूरच्या फाट्यावर महामार्ग सोडून वाईकडे वळणारा, जुन्या वडांच्या सावलीतला तो रस्ता माझ्या अगदी पायाखालचा. संध्याकाळचे पाच वाजले असतील. वाटेतल्या एका गावात डाव्या अंगाला एस.टी.ची गाडी थांब्यावर उभी होती. माझा वेग ताशी पन्नासच्या आसपास होता. समोरचा रस्ता मोकळा होता. मी बसला वळसा घालून पुढे जाण्यासाठी स्टेअरिंग किंचित उजवीकडे वळविले. इतक्यात शेजारून "अहो!" अशी किंकाळी आली. तीस वर्षांत त्या आसनावरून असा आवाज मी ऐकला नव्हता. माझा पाय ब्रेकवर आदळला. चाके जखडू न देणारी यंत्रणा गाडीत असते. ती पायाखाली करकरली, थरथरली आणि गाडी उभी राहिली.

गाडीच्या नाकापासून दोन हातांवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, लाल फिती, पाठीवर दप्तर. बसच्या पुढून ती धावत निघाली होती. तिची एक चप्पल मागे राहिली होती. तिने माझ्याकडे पाहिले. मग ती वाकली, चप्पल हातात घेतली आणि तशीच एका पायाने अनवाणी पलीकडच्या बोळात नाहीशी झाली. कंडक्टरने घंटीचे दोन टोले दिले. बस निघून गेली. पारावरच्या म्हाताऱ्यांनी मानही वळविली नाही. त्या रस्त्यावर, म्हणावयाचे तर, काहीच घडले नव्हते.

थोडे पुढे जाऊन मी गाडी एका वडाखाली लावली. माझे हात कापत होते. बऱ्याच वेळाने मी विचारले, "तुला ती दिसली कशी? ती तर बसच्या आड होती."

"ती कुठं दिसली? बसच्या खालून तिचे पाय दिसले," सौभाग्यवती म्हणाली. "दोन लहान पाय. धावायच्या बेतात होते."

"मग आधीच का नाही बोललीस?"

ती काही वेळ वडाच्या पारंब्यांकडे पाहत राहिली. नंतर हलकेच म्हणाली, "बोललं की तुम्हाला राग येतो. म्हणून मी आपली पायच दाबते."

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक आहे. तीस वर्षे मी फळ्यावर गतीची समीकरणे लिहीत आलो. वेग दुप्पट झाला म्हणजे गाडी थांबावयास लागणारे अंतर चौपट होते, हे मी कितीतरी वर्गांकडून घोकून घेतले असेल. ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर, हा हिशेब मला झोपेतही करता येतो. तो मी त्या वडाखाली बसून केला. ते पाय दिसल्यापासून "अहो" म्हणेपर्यंत तिने एखादा क्षण स्वतःला आवरून धरले असेल. एक सेकंदच धरा. ते चौदा मीटर माझ्या गाडीने खाल्ले नव्हते, टायरांनी खाल्ले नव्हते, रस्त्यानेही खाल्ले नव्हते. माझ्या रागीट स्वभावाने ते खाल्ले होते. आणि मंडळींत मी ज्याचा विनोद करीत आलो, ती तिची भीती नव्हतीच. माझ्याहून अधिक पाहणारी एक व्यक्ती, मला दुखवू नये म्हणून, तीस वर्षे गप्प बसली होती.

पुण्यास परतल्यावर तीन आठवडे मी गाडीला हात लावला नाही. कधी डोळे चुरचुरत, कधी कंबर दुखे, कधी "रिक्षाच बरी, गाडी लावायला जागा कुठं मिळायची?" असे मी म्हणे. सौभाग्यवतीला खरे कारण ठाऊक होते आणि ती पूर्वीप्रमाणेच गप्प होती.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारे त्यांना अण्णा म्हणतात. एस.टी.त चौतीस वर्षे चालकाची नोकरी करून ते निवृत्त झाले. स्वारगेटहून महाबळेश्वर आणि वरंधा घाटाने महाड, हे त्यांचे नेहमीचे मार्ग. पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा केल्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांनी देव्हाऱ्यात, लंगड्या बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलेला आहे. एके संध्याकाळी त्यांच्याजवळ मी मन मोकळे केले. "देवानं वाचवलं" असे ते म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. पण अण्णांनी एखाद्या पंचनामा करणाऱ्या फौजदारासारखे प्रश्न विचारावयास सुरुवात केली. बसमधून माणसे उतरत होती की चढत होती? बसचा उजवा दिवा मिचकत होता का? पलीकडच्या बाजूला बोळ होता, तो आधी दिसला होता का? त्या वेळी माझ्या मागे कोण होते? एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता येईना.

"साहेब," अण्णा म्हणाले, "मग गाडी तुम्ही चालवत नव्हता. गाडी तुम्हाला नेत होती."

पुढच्या रविवारी सकाळी सहा वाजता माझी शिकवणी सुरू झाली. गुरुदक्षिणा घेण्यास अण्णांनी साफ नकार दिला. पहिल्या दिवशी त्यांनी मला किल्लीच फिरवू दिली नाही. गाडीभोवती एक प्रदक्षिणा करविली. चारही टायर, त्यांची झीज, दिवे, काचा सारे पाहिले. मग आसन पुढे-मागे करून पाय आणि हात नीट पोचतील असे बसविले. मी तीस वर्षे आरामखुर्चीत बसल्यासारखा रेलून गाडी चालवीत होतो, आणि आरशांत मला रस्त्यापेक्षा माझ्याच गाडीचे अंग अधिक दिसत होते. शेवटी माझ्या आसनाखाली त्यांना पाण्याची एक बाटली सापडली. ती हातात धरून ते म्हणाले, "उतारावर ही घरंगळत ब्रेकखाली आली, म्हणजे मग विष्णुसहस्रनामाचासुद्धा उपयोग नाही."

दुसऱ्या रविवारी खरी परीक्षा झाली. अण्णा डाव्या आसनावर बसले आणि म्हणाले, "आता जे जे दिसेल ते तोंडानं बोलत चला."

"रस्ता दिसतो आहे," मी म्हणालो.

"रस्ता तर म्हशीलाही दिसतो. पुढं बोला."

मी बोलू लागलो आणि दोन मिनिटांत मला घाम फुटला. मला खरोखरीच फारसे काही दिसत नव्हते! पुढल्या गाडीची मागची काच, एवढेच माझे जग होते. अण्णा मात्र तिच्याही पुढची तिसरी गाडी पाहत होते. उभ्या रिक्षाची पुढची चाके बाहेरच्या बाजूस वळलेली आहेत, म्हणजे ती आता निघणार. फुटपाथवर म्हातारा उभा आहे, पण त्याचे तोंड रस्त्याकडे आहे. दुधाची सायकल आहे, पुढे खड्डा आहे, तेव्हा ती खड्डा चुकविण्यासाठी आपल्या अंगावर येणार. चेंडू आला, आता पोर येणार. बस उभी आहे. "बस दिसली की बसकडं बघायचं नाही," अण्णा म्हणाले, "बसच्या खाली बघायचं." मी दचकून त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या ध्यानात आले नसावे. ते पुढचा चौक पाहत होते.

अंतर मोजण्याची त्यांची रीत निराळीच होती. पुढली गाडी एखाद्या खांबापाशी पोचली, की "ज्ञानोबा माउली तुकाराम" असे सावकाश म्हणावयाचे. ते पुरे होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहो. पावसाळ्यात तेच दोनदा म्हणावयाचे. पहिल्या पावसात तर अधिकच सावध राहावयाचे. कारण रस्त्यावर साठलेली धूळ आणि तेल यांचा पाण्याशी राड होतो आणि टायर धरत नाहीत. मी घड्याळ लावून पाहिले. माउली-तुकारामांना दोन सेकंद आणि वर थोडे लागते. विलायतेतही कोरड्या रस्त्यावर निदान दोन सेकंदांचे अंतर राखावे आणि ओल्या रस्त्यावर ते दुप्पट करावे, असाच नियम आहे.

मग घाट आला. वाईहून पाचगणीस चढणाऱ्या पसरणीच्या घाटात अण्णांनी मला चार रविवार घातले. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा कायदाच आहे. पण तो कायदा का आहे, हे भरलेली बस चढणीवर उभी करून पुन्हा उचलण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला त्यालाच कळते. उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचविण्याची माझी फार दिवसांची सवय होती. ती अण्णांनी मोडली. ब्रेकवरच सारा भार पडला, की ते तापतात, जळका वास सुटतो आणि ऐन वेळी त्यांची पकड सुटते. खालचा गिअर घातला, तर इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. येथे माझ्या शास्त्राने मला साथ द्यावयास हवी होती, पण ती मी कधी मागितलीच नव्हती. आजच्या गाड्यांत उतारावर गिअर असताना पाय उचलला, तर इंजिनास पेट्रोल पोचणे जवळजवळ बंदच होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवण्यासाठी ते जळतच राहते. म्हणजे कित्येक वर्षे मी जीव धोक्यात घालून पेट्रोल वाचवीत नव्हतो, खर्च करीत होतो!

वळणांविषयी अण्णांचे एकच सूत्र होते. "दिसतं तेवढं तुमचं, पुढचं देवाचं. जेवढं तुमचं आहे तेवढ्यात थांबता आलं पाहिजे."

त्या रात्री मी कपाटातले ते पुस्तक काढले. धूळ झटकून वाचावयास घेतले आणि चकित झालो. हेंडनच्या फौजदारांनी आणि स्वारगेटच्या चालकाने एकमेकांचे नावही ऐकलेले नव्हते. पण दोघेही तेच सांगत होते. आपल्या बाजूचा जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, हा त्या पुस्तकाचा कणा आहे. वळण असो, चौक असो, उभी बस असो, आधी पाहावे, मग आपली जागा ठरवावी, मग वेग, मग गिअर आणि सर्वांच्या शेवटी पुन्हा गती द्यावी, असा त्याचा क्रम. जे दिसते ते मोठ्याने बोलत गाडी चालविण्याचा अभ्यास तेथेही करवितात. आपण म्हणजे मी आणि माझ्यासारखे असंख्य लोक नेमका उलटा क्रम पाळतो. आधी गती देतो आणि पाहणे शेवटी ठेवतो.

कोणी म्हणेल, इतक्या सावधगिरीने गाडी हाकावयाची, तर पोचावयाचे केव्हा? हिशेब अगदी सोपा आहे. ऐंशी किलोमीटरचे अंतर ताशी ऐंशीच्या वेगाने एका तासात कापले जाते. शंभराच्या वेगाने अठ्ठेचाळीस मिनिटांत. म्हणजे वाचली बारा मिनिटे, तीही रस्ता सारा वेळ मोकळा राहिला तर. ही बारा मिनिटे आपण पुढे चहाच्या टपरीवर, किंवा गाडी लावावयास जागा शोधण्यात, सहज उधळतो. पण तेवढ्यासाठी ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दीडपटीहून अधिक वाढवून बसतो. उलट दूरवर पाहून चालविणाऱ्याला वारंवार ब्रेक लावावे लागत नाहीत, वारंवार उसळी घ्यावी लागत नाही. त्याचे पेट्रोल कमी जळते, ब्रेक आणि टायर अधिक टिकतात. मला स्वतःला जाणवलेला सर्वांत मोठा लाभ निराळाच आहे. पूर्वी वाईस पोचेपर्यंत मी थकून, चिडून जात असे. दहाजणांशी मनातल्या मनात भांडण झालेले असे. आता ते भांडण उरले नाही. मागून कोणी कर्कश हॉर्न वाजवीत अंगावर आला, तर अण्णांची आज्ञा आठवते: "त्याला जाऊ द्या, साहेब. बिचाऱ्याचं घर पेटलं असेल."

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी अहवालात नमूद आहे. भागाकार केला, तर तासाला एकोणीस येतात. हा आकडा मी पूर्वीही वर्तमानपत्रात वाचला असेन आणि पान उलटून क्रिकेटकडे वळलो असेन. आता त्या आकड्याला मला दोन वेण्या आणि लाल फिती दिसतात. त्यांपैकी किती मरणांच्या आधी कोणाला तरी पाय दिसले असतील आणि त्याने तोंड मिटून घेतले असेल, हे कोणत्याही अहवालात यावयाचे नाही.

आणखी एक गोष्ट अहवालात येत नाही. जो अपघात टळला, त्याची कोठेही नोंद नसते. वैद्याने रोगी वाचविला तर रोगी त्याच्या पाया पडतो. पण चांगल्या चालकाने ज्याला वाचविले, त्याला आपण वाचलो हे ठाऊकही नसते. तो चप्पल उचलतो आणि घरी जातो. म्हणून अण्णांच्या त्या बिल्ल्याकडे मी आता निराळ्या दृष्टीने पाहतो. काही तरी केल्याबद्दल जगात पुष्कळांना पदके मिळतात. पंचवीस वर्षे काही न घडल्याबद्दल मिळालेले हे पदक मी एवढ्यात एकच पाहिले. त्याची जागा देव्हाऱ्यातच आहे.

अण्णांची शिकवणी संपल्यावर मी सौभाग्यवतीला म्हटले, "आजपासून तुला जे दिसेल ते बोलत जा. मी रागावणार नाही." पहिल्या दिवशी ती संकोचाने बोलली. दुसऱ्या दिवशी थोडी मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी तर मला कबूल करावे लागले, की अण्णांच्या तोडीचे डोळे माझ्याच घरात, माझ्याच डाव्या हाताला, इतकी वर्षे होते. "उजवीकडच्या गोठ्यातून म्हैस निघतेय." "त्या स्कूटरवरची बाई फोनवर बोलतेय." "पुढचा ट्रक डुलतोय. माणसाला झोप येत असेल." मी मास्तर, पण माझ्या आयुष्यात विद्यार्थी होण्याचे सुख मला इतक्या उशिरा लाभले. एक-दोनदा रागही आला, हे लपवीत नाही. तो मी गिळला. गिळलेल्या रागाची चव फारशी वाईट नसते.

फाल्गुनात आम्ही पुन्हा वाईस निघालो. त्या गावात त्याच थांब्यावर त्याच वेळी बस उभी होती. मी पाय उचलला, गाडी सावकाश केली आणि बसच्या खाली पाहिले. दोन पाय दिसले. पण ते एका म्हातारीचे होते, भेगाळलेले, आणि शेजारी एक टोपली टेकलेली होती. मी थांबलो. म्हातारी बसच्या पुढून आली, माझ्या गाडीकडे न पाहताच रस्ता ओलांडून गेली. लाल फितींची मुलगी कोठे दिसली नाही. ती घरी अभ्यास करीत असावी अशी मी कल्पना केली.

वाईस एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाचगणीस निघालो. पसरणीचा घाट चढू लागलो. खाली धोमचे पाणी चमकत होते. एक वळण गेले, दुसरे गेले. शेजारून काही ऐकू येईना. मला वाटले, माझे काही चुकले आणि हिने पुन्हा मौन धरले की काय? सरळ रस्ता येताच मी ओझरते पाहिले. सौभाग्यवतीची मान खिडकीकडे कलली होती, हात मांडीवर सैल पडले होते आणि दोन्ही पाय चटईवर, कशावरही न दाबलेले, नुसते टेकलेले होते. तिला झोप लागली होती. तीस वर्षांत माझ्या गाडीत, आणि तीही घाटात, प्रथमच!

विलायतेतल्या त्या परीक्षेला बसावे असे अधूनमधून माझ्या मनात येत असे. आता ते येत नाही. गाडीचा धक्का लागून तिची झोप मोडू नये म्हणून राहिलेली वळणे मी जितकी जपून घेतली, तितकी आयुष्यात कधी घेतली नव्हती.

पाचगणीच्या बाजारात गाडी थांबली तेव्हा ती जागी झाली. डोळे चोळीत, जराशी ओशाळून म्हणाली, "अहो, घाट कधी लागायचा?"